माळेतला अंजीर, पेटीतला अंजीर

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कोल्हापुरात राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका गृहिणीने हे पत्र लिहिले आहे. त्यांच्या सुनेचे माहेर सासवडजवळ आहे आणि तिकडे अंजिराची बाग आहे. लग्न झाल्यापासून दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी व्याही रात्रीच्या गाडीने अंजिराची एक मोठी पेटी पाठवतात. सुके अंजीर या घरात रोज भिजत घातले जातात आणि आवडीने खाल्ले जातात. ताजा अंजीर मात्र कोणालाच रुचत नाही. “धड गोड नाही, धड आंबट नाही, आणि फोडला की आतून उंबरासारखाच दिसतो,” असे त्या लिहितात. फळे कच्चट वाटली म्हणून त्यांनी ती तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिली, तर दोन दिवसांत आंबूस वास सुटला. यंदा त्यांनी काही फळे शेजारच्या जैन वहिनींना दिली, तेव्हा वहिनींनी हात जोडून “आम्हाला चालत नाहीत” असे सांगून ती परत केली. उरलेली पेटी त्यांनी घरकामाच्या मावशींना दिली आणि सुनेला “संपले” असे सांगितले. खरा प्रकार सुनेला कळला आणि तेव्हापासून ती गप्प गप्प आहे. यजमानांना मधुमेह आहे, ही आणखी एक अडचण. पुढच्या वर्षी अंजीर पाठवू नका असे व्याह्यांना स्पष्ट सांगावे का, आणि अंजिरात किडे असतात हे खरे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ताई,

एखादे फळ आवडत नाही हा काही अपराध नव्हे, आणि सुनेच्या माहेराहून आले म्हणून ते आवडलेच पाहिजे असा नियमही कुठे नाही. तरीही तुमच्या पत्रातले तपशील वाचल्यावर मला असे वाटते की ज्याला तुम्ही नापसंत केले आहे, तो अंजीर तुमच्या घरात अजून कोणी खाल्लेलाच नाही. तांदळाच्या डब्यात दोन दिवस दडपून ठेवलेला आणि मग फ्रीजमधून थेट जेवणाच्या शेवटी पानात आलेला अंजीर सासवडच्या माणसालाही आवडला नसता.

आधी त्या तांदळाच्या डब्याविषयी. आंबा, चिकू, केळे ही फळे पाडाला आली की उतरवतात आणि आढीत पिकवतात; त्यांच्यात पिष्टाचा साठा असतो आणि झाडावरून उतरवल्यानंतरही त्याची साखर होत राहते. या फळांवर आपली वाढ झाली असल्यामुळे कच्चट दिसणारे कोणतेही फळ गवतात किंवा तांदळात ठेवले की गोड होते, असे आपण धरून चालतो. अंजिराचे तसे नाही. त्याची साखर झाडावरच, शेवटच्या काही दिवसांत भरते, आणि देठ तुटला की तिथेच थांबते. त्यानंतर फळ मऊ पडते, पण गोड होत नाही, आणि डब्याच्या उबेत ते मऊ पडता पडताच आंबायला लागते. तुम्हाला आलेला आंबूस वास त्या आंबण्याचा होता. दोष फळाचा नव्हता, आणि खरे तर तुमचाही नव्हता, कारण पेटीबरोबर ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी होती.

याच कारणामुळे कोल्हापूरच्या मंडईतला अंजीर पुष्कळदा निराशा करतो. दूरच्या बाजारासाठी फळ थोडे आधीच, घट्ट असताना तोडावे लागते, नाहीतर वाटेतच त्याचा चिखल होतो. मी स्वतः पहिला ताजा अंजीर कोल्हापुरातच मंडईतून आणून खाल्ला होता, आणि काकडीवर चिमूटभर साखर भुरभुरावी तसा तो लागला होता. पुढे कितीतरी वर्षांनी दिवे घाटाच्या वरच्या बाजूला एका बांधावर उभे राहून झाडावरचा खाल्ला, तेव्हा हे फळ वेगळेच आहे हे ध्यानात आले. पिकलेला अंजीर ओळखायला सोपा असतो. त्याची मान देठाजवळ वाकलेली असते, सालीवर बारीक चिरा पडलेल्या असतात, बोटाने हलकेच दाबला तर तो दबून तसाच राहतो, आणि बुडाशी जे छोटे भोक असते त्याच्या तोंडावर कधीकधी मधासारखा एक थेंब जमलेला दिसतो. देखणे, टणटणीत, एकसारख्या रंगाचे अंजीर निवडणारा माणूस हमखास फसतो.

व्याह्यांना विचारण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे बहार. पुरंदर भागात अंजिराचे दोन बहार धरतात. थंडीच्या दिवसांत येणारा तो खट्टा बहार, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होणारा तो मीठा बहार. नावांतच त्यांची चव सांगितलेली आहे. तुमच्याकडे येणारी पेटी मीठ्या बहाराची, म्हणजे चांगल्या दिवसांतली आहे. २०१६ मध्ये पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या कोल्हापुरी गुळालाही ते मिळालेले आहे, म्हणजे मानाने दोन्ही घरे बरोबरीचीच म्हणायची.

आता सुक्या अंजिराविषयी. तुमच्या घरात ताज्या अंजिराची परीक्षा सुक्या अंजिराच्या चवीवर घेतली जाते आणि त्यात तो नापास होतो, असे मला तुमच्या पत्रावरून दिसते. ही तुलनाच मुळात न्याय्य नाही. ताज्या अंजिरात शंभरात सुमारे ७९ भाग पाणी असते, सुक्यात ते तिसापर्यंत उतरते. म्हणजे साधारण सव्वातीन किलो ताज्या फळांचा एक किलो सुका अंजीर होतो. साखर दाटते, रंग गडद होतो, चवीला काकवीसारखा खमंगपणा येतो. ताज्या अंजिरात हे काहीच नसते. त्याच्यात असतो तो पाण्याचा हलकेपणा, हिरव्या पानाचा किंचित वास, आणि जिभेवर रेंगाळणारा मवाळ गोडवा. द्राक्ष खाताना ते मनुक्यासारखे का लागत नाही, अशी तक्रार आपण करत नाही. शिवाय दुकानात माळेत ओवलेले जे सुके अंजीर मिळतात ते बहुतेक अफगाणिस्तानातून आलेले असतात, आणि पुरंदरचा अंजीर प्रामुख्याने ताजाच खाण्यासाठी पिकवला जातो. जात वेगळी, माती वेगळी, कामही वेगळे.

तुमचा दुसरा प्रश्न किड्यांचा. तो मला मोलाचा वाटतो, कारण आपल्या भागातल्या अनेकांच्या मनात ही शंका असते आणि सहसा कोणी ती बोलून दाखवत नाही. नृसिंहवाडीला जाऊन औदुंबराला प्रदक्षिणा घालणाऱ्या आपल्या लोकांना उंबर आतून कसे असते ते ठाऊक असते. ‘उंबर फोडून केंबरे काढणे’ ही म्हण त्यातूनच आली. अंजीर आणि उंबर ही सख्खी भावंडे आहेत, वड आणि पिंपळ हेही त्याच घरातले. या सगळ्यांचे फळ म्हणजे खरे तर उलटी केलेली फुलांची पिशवी असते. फुले बाहेर फुलण्याऐवजी आतल्या बाजूला, एकमेकांकडे तोंड करून फुलतात, म्हणून उंबराचे फूल कोणाला दिसत नाही आणि म्हणूनच आपण क्वचित भेटणाऱ्या माणसाला ‘उंबराचे फूल’ म्हणतो. अंजीर फोडल्यावर जे तंतू आणि दाणे दिसतात ती ती फुले, आणि दाताखाली कुरकुरणारा प्रत्येक दाणा हे एकेक स्वतंत्र फळ असते.

या बंद पिशवीतल्या फुलांचे परागीभवन कोण करणार? उंबराच्या बाबतीत ते काम एक चिमुकली गांधीलमाशी करते. मादी बुडाच्या भोकातून आत शिरते, वाट इतकी अरुंद असते की शिरतानाच तिचे पंख तुटतात. ती सोबत आणलेले पराग फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढची पिढी त्याच उंबरात वाढते, आणि तुम्ही पिकले उंबर फोडता तेव्हा उडतात ती हीच केंबरे. उंबराच्या एकाच फळात बियाही तयार होतात आणि माश्याही.

अंजिराने मात्र ही कामे वाटून घेतली आहेत. माश्या वाढवणारी झाडे वेगळी, आणि खाण्याजोगी फळे देणारी झाडे वेगळी. खाण्याजोग्या अंजिरांतही दोन तऱ्हा आहेत. तुर्कस्तानात इझमीर, म्हणजे पूर्वीचे स्मर्ना, या बाजूला पिकणाऱ्या अंजिराला माशी लागतेच, ती आत शिरली नाही तर फळ पिकण्याआधीच गळून पडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बागाइतदारांनी ही झाडे नेऊन लावली तेव्हा वर्षानुवर्षे फळच धरेना, शेवटी १८९९ मध्ये ती माशी तिकडे नेऊन रुजवली तेव्हा अंजीर टिकू लागले. माशी या फळात शिरते खरी, पण तिथे तिला अंडी घालता येत नाहीत, आणि फळ पिकेपर्यंत तिचा मागमूसही जवळजवळ उरत नाही. दुसऱ्या तऱ्हेच्या अंजिराला माशीची गरजच नसते, तो परागीभवनाशिवाय वाढतो आणि पिकतो. आपला पुणेरी अंजीर या दुसऱ्या तऱ्हेचा आहे. गंमत पाहा, ताई: निर्धोक म्हणून तुम्ही ज्या सुक्या अंजिरावर विश्वास ठेवता, तो तुर्की असेल तर त्यात कधीकाळी माशी शिरून गेलेली असते, आणि ज्या ताज्या अंजिराला तुम्ही उंबर म्हणून बाजूला सारलेत, तो माशीवाचूनच तयार झालेला असतो. अर्थात कोणत्याही पिकल्या फळात बाहेरून एखादी अळी किंवा चिलट शिरू शकते, आणि अंजिराला तर बुडाशी उघडे दारच असते. म्हणून तो अख्खा तोंडात न टाकता फाकून, पाहून खावा.

शेजारच्या वहिनींच्या नकाराचा अर्थ तुम्ही ‘त्यांनाही किड्यांचे माहीत आहे’ असा लावला आहे. थोडा वेगळा विचार करून पाहा. जैन आचारात वड, पिंपळ, उंबर आणि त्यांच्या कुळातली अशी पाच उदुंबर फळे वर्ज्य मानलेली आहेत, अंजीरही त्यांत मोडतो, आणि त्यामागे फळातल्या जिवांना इजा होऊ नये ही भावना आहे. तो त्यांच्या व्रताचा भाग आहे. तुमच्या फळाला त्यांनी नाव ठेवले नाही, आणि मी वर सांगितलेले माशीचे शास्त्र घेऊन त्यांची समजूत घालायला जाण्याचेही काही कारण नाही. पुढच्या वेळी त्यांच्याकडे द्राक्षे पाठवा.

‘आतून उंबरासारखा’ हे तुमचे निरीक्षण मात्र अगदी बरोबर आहे. फरक पाहायचा असेल तर झाडाकडे पाहा: उंबराचे घोस खोडाला आणि जाड फांद्यांना लगडलेले असतात, अंजीर पानाच्या बगलेत एकेकटा येतो, उंबराचे पान साधे, लांबट असते, अंजिराचे पंजासारखे फाटलेले आणि हाताला खरखरीत लागते. चवीचे नाते शोधायचे असेल, तर मला उंबरापेक्षा तुती जवळची वाटते. तुतीत बाहेरच्या बाजूला असलेले रसाळ मणी अंजिरात आतल्या बाजूला असतात, जणू पिशवी उलटी करून शिवलेली. आजऱ्या-चंदगडकडून येणारा फणसही याच विस्तारलेल्या कुळातला आहे. त्याचा प्रत्येक गरा एकेका फुलापासून झालेला असतो, आणि चिकाचा त्रास तर तुम्हाला सांगायलाच नको. खजुराशी किंवा चिकूशी अंजिराचे काहीही नाते नाही, गोडपणामुळे आपण त्यांना एका ताटात बसवतो इतकेच.

यजमानांच्या मधुमेहाविषयी मी जपून लिहितो, कारण शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण रोजचे भिजवलेले अंजीर ‘औषधी’ आणि ताजे ‘गोड फळ’ अशी जी विभागणी तुमच्या घरात झालेली दिसते, ती आकड्यांना धरून नाही. शंभर ग्रॅम ताज्या अंजिरात साधारण १६ ग्रॅम साखर असते, तेवढ्याच सुक्या अंजिरात सुमारे ४८ ग्रॅम. नगावर मोजले तर पन्नास ग्रॅमचा एक ताजा आणि पंधरा-सोळा ग्रॅमचा एक सुका जवळपास सारखेच भरतात. फरक एवढाच की दोन ताज्यांनी पोट आणि मन दोन्ही भरते, सुके मात्र वाटीतून चार-पाच कधी जातात ते कळत नाही. भिजवल्याने साखर नाहीशी होत नाही. जी थोडी पाण्यात उतरते, तीही आपण ते पाणी पिऊन परत घेतोच. तेव्हा ताजे आणि सुके दोन्ही मोजूनच द्यायला हवेत, आणि ज्या दिवशी ताजे द्याल त्या दिवशी भिजवलेल्यांना सुट्टी द्या.

आता पुढच्या पेटीचे काय करायचे ते सांगतो. पेटी सकाळी आली की लगेच उघडा आणि फळे एका थरात ताटात पसरा. दबलेली, फुटलेली वेगळी काढा, आंबूस वासाची टाकून द्या. उरलेल्यांतले सर्वांत मऊ अंजीर त्याच सकाळी, चहाच्या आधी खा. तांबड्या रश्श्यावर मात्र अंजीर मुळीच खाऊ नका. ज्या जिभेवरून आताच झणझणीत रस्सा गेला आहे, तिला हा मवाळ गोडवा कळणारच नाही, आणि मला शंका आहे की तुमच्या घरातल्या निम्म्या नापसंतीचे मूळ तिथेच आहे. फळ खाण्यापूर्वीच धुवा, आधी धुऊन ठेवू नका, कारण ओले अंजीर लवकर बुरसतात. देठ मोडा, तिथे पांढरा चीक दिसला तर पुसून टाका, मग दोन्ही अंगठ्यांनी देठाच्या बाजूने उकलून त्याच्या चार पाकळ्या करा. आत गुलाबी-लालसर गर दिसेल, सालीलगत पांढरी कड दिसेल. साल पातळ असते, तिच्यासकटच खा; नुसता गर चोखला तर निम्मी चव सालीबरोबर टोपलीत जाते. बाकीची फळे फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस निभावतील, पण खाण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, थंडगार अंजिराला चव नसते.

दुधाचा मोह आपल्याकडे कोणाला सुटत नाही, म्हणून हेही सांगून ठेवतो. गंगावेशीतून आणलेल्या म्हशीच्या दुधात कच्चट अंजीर कुस्करून घातला तर दूध फाटण्याचा संभव असतो, कारण अंजिराच्या चिकात प्रथिने तोडणारे द्रव्य असते. त्याच चिकाने दूध विरजून पनीरसारखे पदार्थ करण्याची चाल काही देशांत पूर्वापार आहे. उष्णतेने ते द्रव्य निकामी होते. तेव्हा आधी अंजीर थोड्या पाण्यात शिजवून घ्यावेत, निवल्यावर दुधात घालावेत. जास्त मऊ झालेल्या फळांचा मुरंबा करावा: अंजिराच्या निम्म्या वजनाने गूळ, आणि शेवटी लिंबू पिळायला विसरू नये, कारण अंजिरात आंबटपणा फारच कमी असतो आणि त्याशिवाय मुरंबा सपक लागतो. गुळाचा मुरंबा साखरेइतका टिकत नाही, तो फ्रीजमध्येच ठेवून पंधरवड्यात संपवावा. आणि कधी सासवडला जाऊन स्वतः अंजीर तोडण्याचा योग आला, तर फणस कापताना लावतो तसे हाताला तेल लावा; अंगावर चीक उडाला आणि वर ऊन लागले तर कातडी भाजल्यासारखी होते.

राहिला घरातला प्रश्न, जो मला वाटते या सगळ्यात अवघड आहे. तुम्ही असे धरून चालला आहात की सून गप्प आहे ती माहेरचे फळ मावशींना दिले म्हणून. मला तसे वाटत नाही. मावशींना फळ देण्यात गैर काहीच नव्हते, कदाचित त्या पेटीचा खरा आस्वाद त्यांच्याच घरात घेतला गेला असेल. तिला लागला असेल तो ‘संपले’ हा शब्द, कारण त्यानंतर तिला माहेरी फोनवर ‘सगळ्यांना फार आवडले’ असे सांगावे लागले असणार, आणि ते खोटे होते हे तिला मागाहून कळले. व्याह्यांना थेट ‘पाठवू नका’ असे सांगणे हा एक मार्ग आहे, पण तो मला सगळ्यांत कमी पसंत आहे; बागेतला माणूस तुम्हाला विकतचे काही पाठवत नाही, हंगामातले चांगले फळ निवडून पाठवतो, आणि असा निरोप सुनेला वगळून गेला तर तो आणखी बोचेल. काहीच न बोलता पेटी येऊ देणे आणि मुकाट्याने वाटून टाकणे हा दुसरा मार्ग, तो तुम्ही करून पाहिलाच आहे.

तिसरा मार्ग असा की आधी सुनेशी बोला. तांदळाच्या डब्याची गोष्ट तिला जशीच्या तशी सांगा. माझा अंदाज आहे की ती हसेल. मग तिला विचारा की तिच्या घरी हे फळ कसे खातात, कोणत्या वेळी खातात, कोणते आधी संपवतात. पुढच्या हंगामात मोठ्या पेटीऐवजी दोन लहान खोकी, आठ-दहा दिवसांच्या अंतराने, आणि शक्य तेवढी झाडावर पिकलेली पाठवायला तिलाच सांगू द्या. तुमच्या घराला एका वेळी दोन डझन फळे पुष्कळ झाली. तिने फोडून दिलेला एक अंजीर सकाळच्या वेळी खाऊन पाहा. त्यानंतरही नाही आवडला, तर तसे तिलाच सांगा. खाऊन पाहून दिलेला नकार तिला समजेल. यजमान, मुलगा आणि नातवंडे यांच्या वतीने मात्र तुम्ही ठरवू नका, कदाचित त्यांच्यापैकी एखाद्याला तो आवडेलही.

खोके रिकामे परत पाठवू नये, हे तुम्हाला मी काय सांगणार. हंगामाच्या शेवटी त्यात गुळाचा एक रवा ठेवा, आणि सुनेने केलेल्या मुरंब्याची बरणी आडवी न होता मावेल एवढी जागा राहू द्या.